धूर, अग्नी आणि ओले सरपण

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात, ग्रंथ समाप्तीला आलेला असताना आणि अर्जुनाच्या बहुतेक शंकांचे निरसन होऊन गेलेले असताना, श्रीकृष्ण असे एक विधान करतात की ज्याने कर्ममार्गाच्या प्रामाणिक उपासकाला मोठा दिलासा मिळतो आणि त्याच क्षणी त्याच्या मनात एक नवी अस्वस्थताही उत्पन्न होते. अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसा मनुष्याचा प्रत्येक आरंभ कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेला असतो, आणि म्हणून स्वभावतः आपल्या वाट्याला आलेले कर्म सदोष असले तरी ते टाकू नये, असा त्या विधानाचा आशय आहे. शंकराचार्यांनी या सार्वत्रिक दोषाचे कारण सर्व कर्मांच्या त्रिगुणात्मकतेत पाहिले. आणि मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्यांनी, गीतेचा एकंदर कौल कर्मत्यागाच्या बाजूचा नसून निष्काम कर्माच्या बाजूचा आहे, हा आपला पक्ष ज्या अध्यायांच्या बळावर उभा केला त्यांत या अठराव्या अध्यायाला मोठे स्थान आहे.

पण अग्नी आणि धूर ही जोडी आपल्या परंपरेत आणखी एका शास्त्राने पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेली आहे, आणि त्या शास्त्राचा निकाल निराळा आहे. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान नैयायिक निःशंकपणे करू देतो. मात्र अग्नी आहे त्या अर्थी धूर असलाच पाहिजे, हे उलटे अनुमान तो साफ फेटाळतो, आणि त्यासाठी भट्टीतून काढलेल्या लालबुंद लोखंडी गोळ्याचा दाखला देतो, की ज्यात अग्नी आहे परंतु धुराचा मागमूस नाही. धूर निघतो तो सरपण ओले असते म्हणून. ओल्या सरपणाचा संयोग ही तेथील उपाधी होय, आणि ती उपाधी दूर होताच अग्नीचा धुराशी असलेला संबंध सुटतो. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्याने पाठशाळेत एकदा घोकला आहे त्याला हे उदाहरण जन्मभर विसरत नाही.

ही दोन मते शेजारी शेजारी ठेवली म्हणजे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ पंडितांच्या वादसभेपुरता नाही. कर्माला चिकटलेला दोष हा कर्माच्या स्वरूपातच आहे, की तो ओल्या सरपणाचा आहे? स्वरूपातच असेल, तर तो सोसण्यावाचून गत्यंतर नाही, आणि गीतेचा आदेश हा एका अपरिहार्य गोष्टीचा शांत स्वीकार ठरतो. परंतु तो जर सरपणाचा असेल, तर ‘सर्वच कर्मे सदोष असतात’ असे म्हणून धुरात बसून राहणे हा आळस होय, आणि सरपण वाळवणे हे कर्माइतकेच बंधनकारक कर्तव्य होऊन बसते. या दोहोंतील सीमा कोठे आखावयाची, हे ठरवल्याखेरीज त्या श्लोकाचे पालन करता येत नाही असे मला वाटते.

हा प्रश्न माझ्या मनात अलीकडे फार निकडीने आला तो खेळांसाठी घेतलेल्या लॅपटॉपमधील, तापून तापून मंदावणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या निमित्ताने. तत्त्वचर्चेत अशा वस्तूचा उल्लेख काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु नैयायिकांनी अनुमानाचे उदाहरण शोधले ते स्वयंपाकघरात, आणि वैशेषिकांनी पाकाची मीमांसा केली ती कुंभाराच्या भट्टीतील मडक्यावरून. ज्या घरात विचार करावयाचा त्या घरातील अग्नीवरूनच तो करावा, अशी आपल्या शास्त्रकारांची वहिवाट होती. आणि आज असंख्य घरांत तरुण मुलांच्या मांडीवर वा मेजावर जो अग्नी तासन्‌तास पेटलेला असतो तो हा आहे.

त्या अग्नीचे मान किती, ते एकदा आकड्यांत पाहिले पाहिजे. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०९० या कार्डाच्या लॅपटॉपसाठी बनवलेल्या आवृत्तीत मुख्य चिपेचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस मिलिमीटर, म्हणजे चार चौरस सेंटिमीटरांहूनही कमी आहे, आणि तिला १५० वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा आहे. ही वीज चित्रांत रूपांतरित होऊन पडद्यावर जाते, असा पुष्कळांचा समज असतो, पण तो खरा नाही. पडद्यावर जातात ते केवळ संकेत, आणि कार्डाने घेतलेली वीज अखेरीस जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. विजेच्या शेगडीची दीड हजार वॅटची तबकडी दर चौरस सेंटिमीटरला जितकी उष्णता देते तिच्या सहा-सात पट उष्णता ही चीप आपल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरातून देत असते, आणि तीही अशा पेटीत, की जिची उंची दोन-तीन बोटांपलीकडे नाही.

आता कल्पना करावी की नागपुरातील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याजवळ असे यंत्र आहे, आणि पौष-माघात ज्याच्यावर त्याचे खेळ अखंड सुरळीत चालत होते ते वैशाख लागताच पहिली दहा-पंधरा मिनिटे ठीक चालून नंतर अडखळू लागते. पंखे मोठ्याने फिरतात, कळफलकाची वरची बाजू हाताला चटका देते, दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमांची संख्या निम्म्यावर येते, आणि घरातून फैसला होतो की कार्ड गेले. न्यूटनने १७०१ साली मांडलेला शीतनाचा नियम येथे उपयोगी पडतो: तापलेली वस्तू किती वेगाने निवते ते तिच्या आणि सभोवतालच्या हवेच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. अनेक लॅपटॉपांत चिपेला ८७ अंशांच्या आसपास थांबवण्याची योजना असते. खोलीतील हवा २५ अंशांवर असताना अंतर ६२ अंशांचे होते. वैशाखात ती ४० अंशांवर गेली की ते ४७ अंश उरते. पंखे तेच, तांबे तेच, धूळही तितकीच. तरीही जी व्यवस्था माघात १५० वॅटची उष्णता बाहेर टाकीत होती ती आता ११५ वॅटच्या आसपासच टाकू शकते. विदर्भातील उन्हाळ्यात तेच यंत्र जवळपास एक चतुर्थांश दुबळे होते, आणि त्यात यंत्राचा अपराध काहीच नसतो.

‘कार्ड तापले आहे, त्या अर्थी ते बिघडले आहे’ हे अनुमान म्हणजे अग्नीवरून धुराचे अनुमान होय, आणि नैयायिक त्याला ज्या शस्त्राने छेदतो तेच शस्त्र येथे हाती घ्यावे लागते. तापणे हा कार्डाचा धर्म आहे. तापाबरोबर बिघाड केव्हा येतो, तर उष्णतेच्या निर्गमाला अडथळा असेल तेव्हा. तो अडथळा ही उपाधी, आणि ती कोठे आहे हे शोधणे हेच निदान. म्हणून जाणता कारागीर केवळ एका तापमानाच्या आकड्यावर निकाल देत नाही. तो एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड यांसारखे साधन लावून चिपेचे सरासरी तापमान आणि तिच्या सर्वाधिक तप्त बिंदूचे तापमान असे दोन आकडे शेजारी शेजारी मांडतो. या दोहोंत दहा-पंधरा अंशांचे अंतर असले तर ते स्वाभाविक आहे. ते पंचवीस-तीस अंशांच्या वर गेले असेल तर चीप आणि तिच्यावरील तांब्याचा ठोकळा यांमधली थर्मल पेस्ट सुकली आहे किंवा ठोकळा सरळ बसलेला नाही, अशी साक्ष मिळते. या पेस्टचे काम वरकरणी क्षुद्र, परंतु वस्तुतः निर्णायक आहे. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंच्या पृष्ठांमध्येही सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांत हवा असते, आणि हवा ही तांब्याच्या मानाने सुमारे पंधरा हजार पट मंद वाहक आहे. पेस्ट त्या हवेला तेथून बेदखल करते, एवढाच तिचा पराक्रम. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ, पण दोन्ही उंच असले, तर दोष पुढे आहे: जाळीच्या आतल्या अंगाला, पंखा आणि पातळ पट्ट्या यांच्या मधोमध साचलेल्या धुळीच्या थरात, किंवा त्याहूनही साध्या जागी, म्हणजे यंत्र ज्या गादीवर ठेवले आहे तिने खालची हवेची वाट बंद केलेली असते तेथे.

कधी कधी दोष कार्डाच्या आसपासही नसतो. लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स चीप यांची उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या बहुधा सामाईक असतात. या नळ्यांची रचना मोठी सुंदर आहे. लॉस अॅलामॉस येथील जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली तिला आजच्या स्वरूपात सिद्ध केले. तांब्याच्या बंद नळीत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. तप्त टोकाशी त्याची वाफ होते, ती थंड टोकाशी जाऊन पुन्हा पाणी होते, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी परत तप्त टोकाकडे ओढले जाते, यात एकही हलणारा भाग नसतो. परंतु नळी सामाईक असल्यामुळे प्रोसेसरने अनावश्यक जोर लावला की त्याची उष्णता कार्डाच्या वाट्याला येते, आणि अशा वेळी प्रोसेसरचा टर्बो वेग आवरला की हात न लावलेले कार्ड निवते. ताप जेथे प्रकट होतो तेथेच त्याचे कारण असते, हा समज किती फसवा आहे याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्याच अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध व्यापार आणि पाचवे दैव, आणि जो एकट्या कर्त्याकडेच सारे कर्तृत्व पाहतो त्याला बुद्धीचा संस्कार झालेला नाही असे म्हटले आहे. २००८ सालच्या जुलैत एनव्हिडियाने आपल्या लॅपटॉपमधील मागील पिढीच्या काही चिपा निकामी होत असल्याचे मान्य करून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली, तेव्हा तिने दिलेल्या कैफियतीत चिपेच्या वेष्टनातील दुबळे साहित्य, लॅपटॉपांची उष्णता-निवारणाची रचना आणि ग्राहकांची वापरण्याची पद्धत ही तिन्ही कारणे एकत्र नमूद होती. ज्यांची यंत्रे गेली त्यांना ही उत्तरे पळवाटेची वाटली, आणि त्यांचा राग मला समजतो. तरी तपशिलाच्या दृष्टीने ती खोटी नव्हती. चीप तापली की प्रसरण पावते, निवली की आकुंचते, आणि तिच्याखालील पाया निराळ्या प्रमाणात तसेच करतो. त्या ओढाताणीत मधले कथलाचे म्हणा वा शिशाचे म्हणा, डाखाचे सूक्ष्म मणी शेकडो वेळा ताणले जाऊन अखेरीस तडकतात. एकदाच येणाऱ्या उष्म्याहून शीत आणि उष्ण यांचे वारंवार येणे-जाणे त्यांना अधिक घातक ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. धूळ, गादी, सुकलेली पेस्ट ही सारी ओली सरपणे झाली. ती दूर केली तर उरणारी उष्णता किती, आणि तीही उपाधीच आहे की तीच अग्नीचे स्वरूप होय? या प्रश्नाला विसाव्या शतकात एक विलक्षण उत्तर मिळाले आहे, आणि ते आपल्या धर्मचिंतकांच्या नजरेस फारसे आलेले नाही याचे मला वाईट वाटते. १९६१ साली आयबीएम कंपनीचे शास्त्रज्ञ रॉल्फ लँडॉवर यांनी असे दाखवून दिले की गणनेच्या ओघात जेव्हा एखादा अंक पुसला जातो, म्हणजे जेथे शून्य होते की एक होते याची खूणही उरत नाही, तेव्हा काही किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते; कितीही कुशल कारागीर असो, कितीही उत्तम साहित्य असो, त्या किमान उष्णतेतून सुटका नाही. २०१२ साली फ्रान्समधील लियाँ येथे, पाण्यात तरंगणाऱ्या काचेच्या सूक्ष्म मण्याला लेसरच्या साह्याने दोन खळग्यांपैकी एकात जाण्यास भाग पाडून, या सिद्धांताची प्रत्यक्ष प्रयोगाने खातरजमा करण्यात आली. ही उष्णता अत्यल्प आहे: खोलीच्या तापमानाला एका जूल ऊर्जेत सुमारे ३५ लाख कोटी कोटी अंक पुसता यावेत इतकी अल्प. आजच्या चिपांतील प्रत्यक्ष मंडले प्रत्येक व्यापारामागे तिच्याहून हजारो पटींनी अधिक उष्णता देतात.

या आकड्यांचा अर्थ नीट पाहिला तर गीता आणि न्याय या दोघांचाही मान राखला जातो. प्रत्येक आरंभाला दोष चिकटलेला आहे हे खरे. तो सृष्टीच्या घडणीतच आहे, आणि कोणत्याही युक्तीने तो शून्यावर येत नाही. पण हा स्वाभाविक दोष इतका लहान आहे, की आपल्या समोर दिसणाऱ्या धुरापैकी जवळजवळ सगळाच धूर ओल्या सरपणाचा ठरतो. एवढेच नव्हे, लँडॉवर यांचेच सहकारी चार्ल्स बेनेट यांनी १९७३ साली पुढचे पाऊल टाकून असे दाखवले, की गणना अशा रीतीने करता येईल की तिच्यात काहीही पुसले जाणार नाही, प्रत्येक पायरी मागे उलगडता येईल, आणि मग त्या किमान उष्णतेचाही भार तत्त्वतः टाळता येईल, मात्र त्यासाठी ती गणना अत्यंत संथपणे, जवळजवळ थांबत थांबत करावी लागेल. घाई आणि विस्मरण हीच या ठिकाणी दोषाची मुळे निघाली. जो कर्म करतो, वेगाने करतो, आणि मागचे पुसून पुढे जातो, त्याला ताप चुकत नाही. आपण सर्व मर्त्य माणसे याच वर्गातील आहोत, आणि म्हणूनच तो श्लोक आपल्यासाठी आहे. परंतु त्या श्लोकाच्या आश्रयाने आपण स्वतःला जी हजारो पटींची सूट देतो ती त्याने दिलेली नाही.

दुसरा विचार संयमाचा. तापमान ठरलेल्या मर्यादेला भिडले की कार्ड आपला वेग आपोआप कमी करते. कारागिरांच्या बोलीत याला थ्रॉटलिंग म्हणतात. वरकरणी हा संयमच वाटतो, परंतु तो भीतीचा संयम आहे. मर्यादेला भिडावयाचे, चटका बसताच मागे यावयाचे, किंचित निवताच पुन्हा धाव घ्यावयाची, असा त्याचा क्रम चालतो, आणि खेळणाऱ्याला जे अडखळणे जाणवते ते या धाव-माघारीचेच असते. सर्व भूते आपापल्या प्रकृतीच्या वळणाने जातात, तेथे नुसता निग्रह काय करील, असा प्रश्न तिसऱ्या अध्यायात आला आहे. आणि प्रकृतीला हात न लावता तिच्या टोकाशी पहारा बसवणे किती निष्फळ, ते या कार्डाच्या आलेखात स्पष्ट दिसते. शिवाय उष्णतेचा आणखी एक स्वभाव आहे. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह झिरपतो, आणि तापमान वाढले की हे झिरपणे वाढते. झिरपणे वाढले की उष्णता वाढते, आणि उष्णता वाढली की पुन्हा झिरपणे. ययातीची कथा ज्याने वाचली आहे त्याला या चक्राची ओळख वेगळी करून द्यावयास नको.

याच्या उलट, मर्यादेला भिडण्याच्या आधीच प्रकृतीला वळण लावण्याचा एक मार्ग आहे, आणि तो सहाव्या अध्यायातील युक्त आहार-विहाराच्या फार जवळचा आहे. चिपेत खर्ची पडणारी शक्ती ही वेगाच्या सरळ प्रमाणात, पण विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वेग तोच ठेवून विद्युद्दाब दहा टक्क्यांनी उतरवता आला तर या शक्तीत एकोणीस टक्क्यांची बचत होते. कारखान्यातून येताना प्रत्येक चिपेला तिच्या गरजेहून थोडा अधिक दाब दिलेला असतो, कारण लाखो चिपांमधील सर्वांत दुबळीही त्यावर चालली पाहिजे. तुमच्या हाती आलेल्या चिपेची खरी गरज काय, हे धीराने, थोडा थोडा दाब उतरवीत, प्रत्येक पायरीला यंत्र स्थिर राहते की नाही ते पाहात शोधावे लागते. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. ज्याने ते नीट केले आहे त्याचे कार्ड मर्यादेपासून आठ-दहा अंश खाली राहूनही तितकेच काम देताना आढळते, आणि अनेकदा अधिक देते, कारण त्याला माघार घ्यावी लागत नाही. येथे कर्म टाकलेले नाही, फळही उणावलेले नाही. गेले आहे ते केवळ अतिरिक्त.

फ्रेमांच्या मर्यादेचीही हीच कथा. साठ हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठांहून अधिक चित्रे दाखवू शकत नाही, आणि तरीही मोकळे सोडलेले कार्ड दीडशे-दोनशे चित्रे काढीत राहते, की जी कोणाच्याही डोळ्यांपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाहीत. २०२१ सालच्या जुलैत ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या चाचणी-आवृत्तीत, मेजावरच्या मोठ्या संगणकांतील काही आरटीएक्स ३०९० कार्डे निकामी झाली, तेव्हा खेळाच्या केवळ सुरुवातीच्या यादीच्या पडद्यावर कार्ड बेसुमार वेगाने चित्रे काढीत असल्याचे लोकांच्या लक्षात आले, आणि तेथे फ्रेमांची मर्यादा घालण्यात आली. कार्डांच्या एका निर्मात्याने आपल्या काही कार्डांतील डाखाचा दोषही नंतर मान्य केला. खेळणारा स्वस्थ बसला आहे, काहीच करीत नाही असे त्याला वाटते आहे, आणि त्याच्यासमोर यंत्र सर्वशक्तीने राबत आहे. अकर्मात कर्म पाहणारा तोच बुद्धिमान, असे चौथ्या अध्यायात का म्हटले असावे, याचा इतका थेट पुरावा मला क्वचितच आढळला आहे.

परंतु सरपण वाळवले, दाब उतरवला, धूळ काढली, तरी एक गोष्ट राहतेच, आणि ती सर्वांत गंभीर आहे. पंखा उष्णतेचा नाश करीत नाही. तो ती आपल्या जवळून दुसऱ्याच्या जवळ नेतो. कार्डाची उष्णता खोलीत येते, खोलीची कूलर वा वातानुकूलन यंत्र गल्लीत टाकते. आणि मागच्या बाजूने पाहिले तर ज्या विजेने हे सारे चालले ती विदर्भात पुष्कळशी कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर येथील कोळशाच्या केंद्रांतून येते. २९२० मेगावॅट क्षमतेच्या चंद्रपूर केंद्रात कोळशातील ऊर्जेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वीज होतो. उरलेली उष्णता तेथल्याच हवेत आणि इरई धरणाच्या पाण्याच्या वाफेत जाते. यंत्र एकंदर अडीचशे वॅट घेत असेल तर चार तासांच्या खेळाला एक युनिट लागते, आणि एका युनिटामागे सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे नागपुरातील विद्यार्थ्याच्या मेजावर धूर नाही तो यासाठी, की तो चंद्रपूरच्या आकाशात आहे. लोखंडाचा गोळा निर्धूम असतो हे नैयायिकाचे म्हणणे खरे. पण तो ज्या भट्टीतून निघाला तिचा धूर कोणाच्या खात्यावर मांडावयाचा, हा प्रश्न त्याच्या उदाहरणात सुटून गेला आहे.

जैन विचाराने हा प्रश्न कधीही सुटू दिला नाही. अग्नीचे शरीर धारण करणारे जीव असतात, म्हणून अग्नी पेटवणे ही हिंसा होय, असे मानणाऱ्या त्या परंपरेत, वीज ही सजीव अग्नीतच मोडते की नाही यावर विसाव्या शतकात मुनींमध्ये गंभीर चर्चा झाली, आणि आजही कित्येक साधू विजेचा दिवा वा ध्वनिक्षेपक वापरीत नाहीत. त्यांचा तेजस्कायिक जीवांचा सिद्धांत मी स्वीकारू शकत नाही. परंतु बटण दाबणाऱ्याने आपल्यापासून दूर घडणाऱ्या दाहाचा हिशेब आपल्याच नावावर धरावा, ही त्यांची दृष्टी मला आपल्या कर्मसिद्धांताच्या नेहमीच्या मांडणीहून अधिक जागरूक वाटते. कर्माचे फळ कर्त्याला मिळते, असे आपण शिकवत आलो. येथे तर कर्त्याला मिळते ती करमणूक, आणि ताप मिळतो तो ज्याने तो खेळ पाहिलाही नाही त्याला.

मग खेळच सोडावा काय? काही गंभीर मंडळी लगेच होकार देतील. माझा कौल तसा नाही. खेळ ही मनुष्याची सहज प्रवृत्ती आहे, आणि या खेळांत कौशल्य, सोबत आणि कल्पनेचा विहार यांना खरा वाव असतो हे ज्यांनी मुलांच्या शेजारी बसून पाहिले आहे ते नाकारणार नाहीत. शिवाय हाच त्यागाचा न्याय लावावयाचा तर तीच चीप वापरून रोगनिदानाच्या प्रतिमा तपासणाऱ्या किंवा पावसाचा अंदाज वर्तवणाऱ्या यंत्रांनाही तो लावावा लागेल, कारण ताप त्यांचाही तसाच आहे. सदोष म्हणून कर्म टाकू नये, हा आदेश मी मान्य करतो; मात्र जो दोष उपाधीचा आहे तो स्वरूपाचा म्हणून खपवणाऱ्याला त्या आदेशाचा आधार घेण्याचा हक्क नाही, असा माझा निर्णय आहे. आणि जो धूर खरोखरच टळत नाही, त्याच्याबद्दल चंद्रपूरच्या रहिवाशांचे ऋण आपल्या दप्तरी नोंदलेले असावे, एवढी तरी सचोटी आपण बाळगली पाहिजे.

ज्या वाचकांच्या घरी असे यंत्र असेल त्यांना एक विनंती आहे. वैशाख लागण्यापूर्वी ते एखाद्या जाणत्या कारागिराकडून उघडून पट्ट्यांतील धूळ काढून घ्यावी, फुंकर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवण्यास त्याला सांगावे, पेस्ट सुकली असल्यास ती बदलवावी, आणि थर्मल पॅड बदलायचे झाल्यास मूळ जाडीचेच बसवून घ्यावेत, कारण जाड पॅडामुळे तांब्याचा ठोकळा चिपेवरून उचलला जातो. फ्रेमांची मर्यादा पडद्याच्या क्षमतेइतकी ठेवावी, यंत्र गादीवर ठेवू नये, मागची बाजू थोडी उंच करावी. आणि घरातील मुलाने ‘कार्ड गेले’ असे सांगितले, तर नव्या कार्डाचे पैसे मोजण्याआधी त्याच्याजवळ बसून सरासरी तापमान आणि तप्त बिंदूचे तापमान हे दोन आकडे त्याला अवश्य विचारावेत.